शब्दचर्चा : ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ नेमके कशाचे?

प्रश्न : संकेतस्थळांविषयीच्या एका टिपणात ‘सुरक्षा प्रमाणपत्र वाचकाची माहिती कूटबद्ध करते’ (म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येणार नाही अशा रूपात बदलते) असे वाक्य मी लिहिले. ते तपासणाऱ्या सहकाऱ्याने ‘करते’ या शब्दाखाली रेघ मारून टिपण परत पाठवले. चूक भाषेची आहे की आशयाची?

प्रतिसाद : चूक आशयाची आहे, पण तिला वाट करून दिली ती शब्दाने. ‘सुरक्षा’ मागे लागल्यामुळे प्रमाणपत्रच राखण करते असा समज होतो. वास्तविक ती एक लहानशी फाइल असते. तिच्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली (पडताळणीसाठी सर्वांना खुली असलेली मोठी संख्या), मुदत सुरू होण्याची व संपण्याची तारीख आणि ते देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. ती कोणालाही उघडून पाहता येते. गुपित असते ती तिच्या जोडीची खासगी किल्ली, जी सर्व्हरबाहेर जाता कामा नये. ब्राउझर स्वाक्षरी पडताळतो, प्रमाणपत्रावरचे नाव पत्त्याशी ताडून पाहतो आणि ती खासगी किल्ली समोरच्याकडे खरोखर आहे याची खातरजमा करतो. माहिती कूटबद्ध होते ती मात्र दोन्ही बाजूंनी त्याच वेळी, त्या जोडणीपुरत्या ठरवलेल्या तात्पुरत्या किल्ल्यांनी. टीएलएस, म्हणजे अशी सुरक्षित जोडणी उभारण्याची नियमावली, हिच्या २०१८ च्या १.३ या आवृत्तीत तर प्रमाणपत्रातील किल्ली केवळ स्वाक्षरी पडताळण्यापुरती उरली आहे. तरीही प्रमाणपत्र गौण ठरत नाही, कारण समोर भलताच कोणी असेल तर आपला पासवर्ड उत्तम कूटबद्ध होऊन थेट चोराच्याच हाती पडेल.

म्हणून मला ‘दाखला’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो: तिऱ्हाइताने दिलेला, ठरावीक मुदतीचा. पण ‘प्रमाणपत्र’ रुळले आहे, तेव्हा ते राहू द्यावे. ‘सुरक्षा’ गाळावी आणि क्रियापद ‘ओळख पटवते’ असे घ्यावे. (‘एसएसएल प्रमाणपत्र’ हेही असेच सवयीने टिकलेले नाव, एसएसएल या जुन्या नियमावलीची जागा १९९९ पासून टीएलएसने घेतली.)

प्रश्न : ‘अवैध प्रमाणपत्र’ हा प्रयोग मग कसा वाटतो?

प्रतिसाद : ढोबळ. मुदत उलटणे, नाव न जुळणे आणि देणारी संस्था ब्राउझरच्या विश्वासार्ह संस्थांच्या यादीत नसणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी ‘मुदतबाह्य’ लिहावे, कारण ‘अवैध’मध्ये बेकायदेशीरपणाची छटा डोकावते आणि नूतनीकरण विसरलेला प्रामाणिक चालकही उगाच गुन्हेगार ठरतो. याउलट ‘सुरक्षित’ हा शब्द अकारण भलावण करतो. सुरक्षित असते ती जोडणी. संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या सचोटीची हमी त्यात नसते आणि फसव्या संकेतस्थळालाही स्वतःच्या नावाचे रीतसर प्रमाणपत्र मिळते. याच गैरसमजापायी क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह बदलले.

प्रश्न : तर वाक्य असे करतो: ‘प्रमाणपत्र वाचकाला संकेतस्थळाची ओळख पटवते आणि त्यानंतरची देवाणघेवाण कूटबद्ध होते.’

प्रतिसाद : ‘वाचकाला’ऐवजी ‘ब्राउझरला’ लिहा. वाचक तो दाखला सहसा उघडूनही पाहत नाही.