मदत हवी आहे: डिस्ट्रिक्ट रेंजर व्हायचंय, टेक्निशियन की फॉरेस्टर?

रानवाट
यूएसएजॉब्सवर (अमेरिकन सरकारी नोकऱ्यांची साइट) एकाच नॅशनल फॉरेस्टच्या दोन जागा आहेत: फॉरेस्ट्री टेक्निशियन (पगारश्रेणी जीएस-५) आणि फॉरेस्टर (जीएस-७). पुढे डिस्ट्रिक्ट रेंजर, म्हणजे जंगलाच्या एका विभागाचा प्रमुख, व्हायचंय. कुठला फॉर्म भरू? उद्या रात्री मुदत संपतेय, पटकन सांगा.

डोंगरदादा
सिटिझन आहात का? ग्रीनकार्डवर तिथे सहसा दार उघडत नाही.

रानवाट
आहे हो. प्रश्न तो नाहीये.

भटक्या
यलोस्टोनचे रेंजर काय प्रेमळ असतात! बिनधास्त भरा.

डोंगरदादा
भटक्या, ती पार्क सर्व्हिस, इंटिरियर खात्याची. या जागा फॉरेस्ट सर्व्हिसच्या, ती १९०५ पासून शेती खात्याखाली. इथे लाकूड विकतात, गुरं चारायचे परवाने देतात. टोपी घालून वाट दाखवायची नोकरी नव्हे ही.
रानवाट, डिग्री कशात?

रानवाट
एन्व्हायर्न्मेंटल सायन्समध्ये एमएस. त्याने काय फरक पडतो?

डोंगरदादा
सगळा फरक त्यानेच पडतो! फॉरेस्टर म्हणजे ०४६० सिरीज (सरकारी पदांच्या वर्गवारीतला क्रमांक). फॉरेस्ट्रीची डिग्री नसेल तर विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग मिळून ३० सेमिस्टर क्रेडिट लागतात, त्यातले २४ फॉरेस्ट्रीचे. ट्रान्सक्रिप्ट काढून मोजा.

वणवा
क्रेडिट मोजत बसू नका, फायर क्रूमध्ये घुसा. वरचे कितीतरी साहेब आगीतूनच आलेत. ४५ पौंड पाठीवर घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालायचं, बस. कायमच्या जागेला वय सहसा ३७च्या आत हवं.

शाल्मली
तिने आगीचं विचारलंच नाहीये. दर धाग्यावर तुमचं तेच. डिस्ट्रिक्ट रेंजरचा दिवस मीटिंगांत जातो. नीपाखालच्या (पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासायला लावणारा कायदा) कितीतरी निर्णयांवर त्याची सही असते, आणि एकाच निर्णयावर गुरंवाले आणि पर्यावरणवाले दोघंही चिडतात. माझ्या ओळखीतल्या एक हायड्रॉलॉजिस्ट होत्या, त्या झाल्या रेंजर. फॉरेस्टरच असावं लागतं असं नाही.

वणवा
आग लागली की या मीटिंगवाल्यांना कोण विचारतं?

शाल्मली
आग विझल्यावर जळकं लाकूड विकायचं का, हे कोण ठरवतं मग?

स्पर्धा_परीक्षा
यूपीएससीच्या आयएफएसचा (भारतीय वनसेवा) अभ्यासक्रम टाकू का?

डोंगरदादा
नको.

रानवाट
मोजले. फॉरेस्ट्रीचे ९ क्रेडिट भरतात. ताणून १२.

डोंगरदादा
मग फॉरेस्टरचा फॉर्म पहिल्याच चाळणीत गळेल. टेक्निशियन घ्या, पण नुसत्या अनुभवावर पुढे ०४६० मिळत नाही, उरलेले क्रेडिट करावेच लागतील. नाहीतर हायड्रॉलॉजी, बायोलॉजीच्या जागांवर डोळा ठेवा, तुमच्या एमएसला त्या जवळच्या. रेंजरच्या वर फॉरेस्ट सुपरवायझर, मग रीजनल फॉरेस्टर, मग चीफ. त्यातली नऊ रीजनल ऑफिसं टप्प्याटप्प्याने बंद करायचं २०२५ मध्ये जाहीर झालंय, तेव्हा या शिडीवर फार भिस्त नको.

रानवाट
टेक्निशियनचा भरतेय. अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट चालतं का?

शाल्मली
अर्जाला बहुतेक चालतं, जाहिरातीत 'रिक्वायर्ड डॉक्युमेंट्स' बघा. आणि कामाचे आठवड्याचे तास लिहा, त्यावाचून अनुभव धरत नाहीत.

भटक्या
तिथे तंबू ठोकायला परवाना लागतो का?