किंमत न लिहिणारी दुकानं: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
काल लेकीबरोबर नाशिकच्या कॉलेज रोडला गेले होते. एका दुकानात पुतळ्याच्या अंगावर मोरपंखी कुर्ता. कॉलर बघितली, बाही उलटी केली, बगलेतली शिवणसुद्धा पाहिली, चिठ्ठी म्हणून कुठे नाही. लेक म्हणाली, "विचार ना आई." आणि माझी जीभच उचलेना! पन्नाशी उलटली, स्वतःचा पगार आहे, तरी. "राहू दे, गर्दी आहे" म्हणून बाहेर आले. गर्दी म्हणजे आम्ही दोघी आणि एसी.

रात्री आई आठवली. मावशीच्या लग्नाची खरेदी, मेन रोडचं दुकान, चपला पायरीवर काढून पांढऱ्या गादीवर बसायचं. आईने "केवढ्याला" असं कधी विचारलं नाही. पदर दोन बोटांत धरून चुरगाळायची, दाराच्या उजेडाकडे न्यायची, मग हळूच, "यात जरा हलक्यातलं?" दुकानदार गठ्ठा बदलायचा. एक आकडा न बोलता तीन गठ्ठे खाली उतरायचे आणि तिसऱ्यावर तिचा हात थांबायचा. परत येताना रविवार कारंज्यापर्यंत गप्प. मला वाटायचं तिला रंग आवडले नाहीत.

का नाही लिहीत हो हे लोक किंमत? तुमचं काय होतं अशा वेळी?

पोळीभाजी
आमच्याकडे नवरा विचारतो. दारातूनच. मोठ्याने. मी तोवर शेजारच्या दुकानात.

दुकानदाराची मुलगी
गोदा, तुझी आई आमच्याच गादीवर बसली असेल बघ. आमचं कापड दुकान, तीन पिढ्या.

किंमत लिहिलेली असायची गं. तुम्हाला वाचता येत नव्हती इतकंच. दहा अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, एकही अक्षर दोनदा येता कामा नये. पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, शेवटचं शून्य. साडीच्या घडीत बोटभर चिठ्ठी आणि त्यावर पेन्सिलीने तीन अक्षरं. ती आमची खरेदी. त्यावर किती चढवायचं ते समोर कोण बसलंय, सकाळ आहे की संध्याकाळ, भवानी झाली की नाही, त्यावर. शब्द सांगणार नाही, भाऊ अजून गल्ल्यावर बसतो.

दादा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, हाताकडे बघायचे. ज्या साडीवर हात दुसऱ्यांदा जातो ती विकली गेली म्हणायचे. मग पोऱ्याला हाक, "ताईंना पाणी दे रे." पाणी आलं की समजा, भाव उतरणार नाही.

पंचवटीकर
म्हणजे इतकी वर्षं मी ते पाणी फुकट समजून पीत होतो

नुसतीच वाचक
व्यापाऱ्यांची ती नंदभाषा पण अशीच ना? केवली म्हणजे एक, पोकू चार, मुळू पाच. आजोबा आडतीवर होते, घरात आम्हा पोरांना कळू नये म्हणून आजीशी तसं बोलायचे. "पोकू दे त्याला" म्हणजे चार आणे. आम्ही आठवड्यात शिकलो.

आणि बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सौदा. सगळा बाजार भोवती उभा, भाव फक्त दोघांना ठाऊक.

पंचवटीकर
माझं दुःख वेगळंच. जन्म पंचवटीतला, तरी घाटाजवळ तांब्याचा गडू उचलला की "भाईसाब, बढिया चीज है". बाहेरगावच्या यात्रेकरूचा भाव. मी म्हणालो, "काका, मी इथलाच, मागच्या गल्लीतला." ते शांतपणे, "मग आधी मराठीत विचारायचं ना." आणि शंभराने उतरले. विचारलं काहीच नव्हतं मी! नुसता उचलला होता. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, मला तर गळ्यात पाटी लावून फिरावं लागणार.

तराजू
सगळ्यांना एका काठीने हाणू नका. पितळेच्या घागरीवर किंमत कशी लिहिणार? ती वजनावर जाते आणि दर हलत असतो. सोन्याचं तेच. पाटीवर आजचा दर असतो, दागिन्यावर रुपये कुठून असणार. खरी गोम घडणावळीत आहे. दर सगळीकडे उन्नीस-बीस, घडणावळ मात्र एकाकडे आठ टक्के तर दुसऱ्याकडे अठरा, आणि ती पाटीवर नसते. तेव्हा ती आधी विचारा. वजन, घडणावळ, ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडून बघा. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलं नाही ना तेही.

बंद पाकिटाचं वेगळं. त्यावर सगळ्या करांसह कमाल किंमत छापायलाच लागते, वैधमापनाचा कायदा आहे २००९ चा, नियम २०११ चे. पण ती 'कमाल' आहे. त्याखाली घासाघीस करायला कुणाची ना नाही. किराणावाला छापील किमतीपेक्षा दोन रुपये कमी घेतो तो उपकार नव्हे.

पोळीभाजी
तराजूदादा, घागरीवरून आठवलं. सासूबाईंची घागर चेपली आहे. मोडीत काढू की ठोकून घेऊ?

तराजू
मोडीत अजिबात नको. घेताना नव्या पितळेचा दर, देताना मोडीचा, मधलं अंतर तुमच्या खिशातून. भांडी बाजारात ठोकून मिळेल. जुना पत्रा जाड असतो.

सध्या पुण्यात
आमच्याकडे उलट आहे. किंमत लिहिलेली असते आणि खाली 'भाव करू नये', 'उगाच हाताळू नये'. विचारायची लाज नाही वाटत, उभं राहायची वाटते.

येवल्याची सून
पैठणीबद्दल लिहिते, पोरगी झोपलीये तोवर. आमच्याकडे मागावरून उतरलेल्या साडीवर चिठ्ठी नसते. एकाच रंगाच्या दोन साड्या शेजारी ठेवा, एकीत काठ साधा, दुसरीत मुनिया, म्हणजे पोपटांची नक्षी, आणि पदरावर मोर दाट. तिला महिने जास्त लागतात. ते लिहून कळत नाही, उलटी करून दाखवावी लागते. हातमागाची मागच्या बाजूनेही जवळपास तेवढीच स्वच्छ, यंत्रावरच्या बऱ्याच साड्यांना मागे धागे लोंबत असतात किंवा कातरलेले दिसतात. म्हणून आमचे सासरे आधी उलटी बाजू दाखवतात, मग आकडा. पण खरं सांगू? नाशिकच्या शोरूमला तसलीच यंत्रावरची सेमी साडी 'पैठणी' म्हणून बिनचिठ्ठीची टांगलेली बघते तेव्हा चिठ्ठी का नाही ते मला बरोबर कळतं.

उठली. नंतर लिहिते

दुकानदाराची मुलगी
येवल्याची, अगदी.

एक राहिलंच. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर. दुकानात कमरेएवढं पाणी. वरच्या फळ्या वाचल्या, खालचे गठ्ठे भिजले आणि चिठ्ठ्यांचा नुसता लगदा. दादा तेव्हा शहात्तरचे. घरच्या गच्चीवर साड्या वाळत घातल्या होत्या, ते त्या दोऱ्यांमधून फिरत एकेकीचा पदर धरून आकडे सांगत होते आणि भाऊ वहीत लिहीत होता. शेवटच्या दोन दोऱ्यांवरच्या आठवेनात. त्या गेल्या भांडीवाल्या मावशींकडे, आमच्या दारात आलेल्या. त्यांनी घासून भाव केला.

पंचवटीकर
नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कितीपर्यंत पाणी होतं त्या दिवशी? आम्ही गच्चीवरून बघत होतो

नुसतीच वाचक
पुराचा वेगळा धागा काढा ना कुणीतरी.

पोळीभाजी
घागर ठोकून झाली. भाव आधी विचारला. त्याने घागरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी दिलं.

पंचवटीकर
मेलात

गोदाकाठची
आज गेले परत. दारातून आत जाईपर्यंत मनात तीनदा वाक्य म्हटलं. विचारलं एकदाचं. ती मुलगी म्हणाली, पुतळ्यावरचा शेवटचाच आहे, काढून देते, घालून बघा. लेकीला बाही आखूड झाली. उसवून वाढवायला आत कापडही नाही.

दुकानदाराची मुलगी
अगं पण केवढ्याला होता??