वोलेमी पाइन एका घळीपुरताच का उरला?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आमच्या अंगणातील अरौकेरिया या सूचीपर्णी झाडाच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने फुटतात. त्याच कुळातील वोलेमी पाइन हा वृक्ष १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्सच्या डोंगराळ भागात जिवंत सापडला, हे वाचल्यापासून मन तिथेच अडकले आहे. एवढा प्राचीन वंश इतका कसा आटला?

उत्तर: ताई, ज्युरासिक आणि क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरच्या काळात हे कुळ भरभराटीला आले होते, आपल्या कच्छच्या खडकांतही त्याचे जीवाश्म मिळतात. पुढे ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून सुटून उत्तरेकडे सरकला, हवा कोरडी होत गेली, वणवे वाढले आणि या झाडाला ओलसर, खोल घळीतच आसरा उरला. आज तिथे प्रौढ झाडे शंभराच्या आत आहेत, आणि त्यांच्यात जनुकीय विविधता जवळपास नसल्यामुळे एकच रोग सर्वांना गाठू शकतो, याची मला सर्वाधिक धास्ती वाटते.

दुसरे उत्तर: मुळे कुजवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव तिथे पोहोचलाच आहे. तो बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो, म्हणूनच घळीचा ठावठिकाणा गुप्त ठेवलेला आहे. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशामकांनी हेलिकॉप्टरमधून उतरून तिथे पाण्याची व्यवस्था बसवली आणि बहुतेक झाडे वाचवली.

प्रश्नकर्ती: काका, मनापासून आभार. रोपे बाहेर वाढवतात का?

दुसरे उत्तर: होय, अनेक देशांतील वनस्पती उद्यानांत.