कंसांच्या १०० जोड्या: दोन प्रोग्रॅम वेगवेगळ्या ठिकाणी का चुकतात?

कंसवाली

नमस्कार मंडळी. कंसांच्या ‘न’ इतक्या जोड्या नीट जुळतील अशा किती प्रकारे मांडता येतात ते मोजतेय. ३ जोड्यांना ५ प्रकार, ४ ला १४, म्हणजेच कॅटलान संख्या. मला १०० चं उत्तर हवंय. सी प्लस प्लसमध्ये दोन प्रोग्रॅम लिहिले, दोन्हीकडे अनसाइन्ड लाँग लाँग (६४ बिटांची, ऋण नसलेली पूर्ण संख्या). एक बेरजेचा: आधीची उत्तरं जोडीजोडीने गुणायची आणि मिळवत जायचं. दुसरा सूत्राचा, क(न) म्हणजे ‘न’ जोड्यांचं उत्तर:

क(न+१) = क(न) × (४न+२) ÷ (न+२)

३३ पर्यंत दोघांचं जुळतं. ३४ ला बेरजेवाला ८१२९४४०४२१४९७३०७६४ देतो, सूत्रवाला २८५८९४२११४७२३१५००३. पुढे ३७ ला बेरजेवालाही घसरतो. ६४ बिट संपले हे कळतंय, पण दोघांचे वेगवेगळ्या ठिकाणी कसे संपले? पायथनमध्ये उत्तर लगेच मिळतं, पण मोठ्या संख्यांचं गणित मला स्वतः लिहायचंय. तयार लायब्ररी नको, प्लीज.

हातचा_एक

सूत्रात भागण्याआधी गुणाकार होतो, तिथेच घात होतो. क(३३) × १३४ = २८४५३०४१४७५२४०५७६७४०, आणि तुमची मर्यादा १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वरचं सांडलं, उरलेल्याला ३५ ने भागलं. खरं उत्तर मर्यादेच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान होतं! बेरजेत भागाकार नसल्यामुळे उत्तर स्वतः मावेपर्यंत ती टिकते. क(३६) = ११९५९७९८३८५८६०४५३४९२ मावतं, क(३७) मावत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती ३४ च्या चुकीची. ती संख्या क(३३) पेक्षा मोठीच आहे, त्यामुळे नजरेला खटकत नाही. लागोपाठच्या उत्तरांचं गुणोत्तर छापत जा. ते हळूहळू ४ कडे सरकायला हवं, इथे एकदम १.३५ वर आलंय.

आता मोठी संख्या. व्हेक्टरमध्ये (संख्यांच्या यादीत) ९-९ अंकांचे गट ठेवा, एककाकडचा गट आधी. गुणताना खालून वर जा, हातचा पुढच्या गटात. भागताना वरून खाली या: मागची बाकी × १००००००००० + हा गट. गुणक ३९८ च्या वर जात नाही, म्हणून प्रत्येक पायरी ६४ बिटांत आरामात बसते. १०० साठी सात गट पुरतात.

छापताना सगळ्यात वरचा गट सोडून बाकीचे शून्यं भरून ९ अंकीच छापा. क(१००) मध्ये एकही गट शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे हे राहून गेलं तरी तिथे कळणार नाही. ‘न’च्या इतर किमती घेऊनही तपासा.

मूळसंख्या

भागाकार मुळातच टाळता येतो. क(१००) = २००! ÷ (१००! × १०१!); २००! म्हणजे १ ते २०० चा गुणाकार. १९९ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येचा घात काढा. ५ चा: २००! मध्ये ४०+८+१ = ४९, खालच्या दोन्हींत २४-२४, उरला १. २ चा: १९७ − ९७ − ९७ = ३. मग फक्त गुणाकार करत जायचं. शिवाय उत्तराच्या शेवटी नेमकं एकच शून्य येणार, हे प्रोग्रॅम चालवण्याआधीच कागदावर ठरतं.

ऑयलरने १७५१ मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात याच संख्या आहेत, बहुभुजाकृतीचे कर्णांनी त्रिकोण पाडण्याच्या. तुमचं उत्तर १०२ बाजूंच्या आकृतीलाही लागू पडतं.

कंसवाली

दोन्ही पद्धतींनी केलं, उत्तर एकच आलं:

८९६५१९९४७०९०१३१४९६६८७१७००७००७४१००६३२४२०८३७५२१५३८७४५९०९३२०

५७ अंक, शेवटी एकच शून्य. दोघांचे मनापासून आभार. आता न = १००० घेते.