पिकअपला पिकअपच नाही: डिझेल गाडीचा दम परत आणण्याचे अनुभव

घाटरस्ता
शेजारच्या धाग्यावर प्रश्न दिसला, "बोलेरो पिकअप चढाला मरते, चिप (ताकद वाढवायची इलेक्ट्रॉनिक पेटी) बसवू का?" आणि जुन्या गॅरेजांतला दंडक आठवला: आधी गेलेली ताकद शोधा, मग नवी विकत घ्या. तक्रारी दोन असतात. पाय दिला तरी गाडी उशिरा उठते ही एक. उठली तरी भार ओढत नाही ही दुसरी. दोन्हींवर एकच औषध दिलं की पैसे पाण्यात. ज्यांचे हात काळे झालेत त्यांनी लिहा. पार्ट, माप, काय चुकतं, सगळं.

नळीवाला
टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी), इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (हवा इंजिनात शिरते तो भाग). आधी या रबरी नळ्या. पाय दिल्यावर फुस्स आवाज, मागे काळा धूर, ओढ नाही, म्हणजे हवा गळतेय. डिझेल पुरतं पडतंय, ते जाळायला हवा नाही. नळी बहुतेक वेळा खालच्या अंगाला चिरते, वरून चकाचक दिसते. हात घालून बघा. ब्रीदरमुळे (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) आत थोडा तेलकटपणा असतोच, बाहेरून ओलं लागलं तर ती जागा.
खात्री करायची तर एअर क्लीनरकडची नळी काढून टर्बोच्या तोंडाला बूच, बुचात ट्यूबचा वॉल्व्ह, ब्रीदरचं भोक बंद. १ बारच्या आत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. जास्त हवा भराल तर सील जातील.
आणि ती स्क्रूची साधी क्लिप रबर कापते. टी-बोल्ट क्लॅम्प (बोल्टने आवळायचा रुंद पट्टा) लावा.

स्टेपनीताई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. एअर फिल्टर कॉम्प्रेसरने साफ करताना हवा नेहमी आतून बाहेर, २ बारच्या आसपास. बाहेरून मारली की धूळ कागदात घुसून बसते. नंतर आत बॅटरी धरून बघा, उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर फेकायचा. उसाच्या हंगामात शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला किलोमीटर मोजत बसू नका. त्या भोकातून गेलेली धूळ टर्बोची पाती खाते.

कांदेबटाटे
दीड टनाच्या गाडीत तीन टन कांदा भरायचा आणि म्हणायचं ओढत नाही 😂

घाटरस्ता
@कांदेबटाटे दादा, ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००. तेवढ्यात टर्बोच्या सगळ्या नळ्या नव्या येतात.

कांदेबटाटे
भाव मिळाला तर दंड भरू ना राव. लिलावाचं काय चाललंय बघताय ना

पान्हा१७
कांदा बाजूला ठेवा. रिकामी गाडी बरी पळते आणि भार आला की दम तोडते, तर आधी डिझेल फिल्टर. खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. नवा फिल्टर बसवला की हँडपंप कडक होईस्तोवर दाबा, नाहीतर एअर लॉक, म्हणजे नळीत हवा अडकते. फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून बसवणारे बरेच आहेत. ते डिझेल गाळलेलं नसतं, कचरा थेट पंपात जातो.
फिल्टर बदलूनही स्कॅनरवर पी-००८७ हा कोड येत असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा डिझेलचा दाब) बनत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीला) सारख्या बाटल्या लावा, गरम इंजिन, ५ मिनिटं आयडल. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. बदलताना तांब्याचा वॉशर नवाच घ्या, आणि इंजेक्टरवर कोरलेला कोड असेल तर तो ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायला सांगा. तो राहिला की नवा इंजेक्टर घालूनही इंजिन ठकठक करतं.
चालू इंजिनवर प्रेशरचा पाइप कधीच सैल करू नका. हजार बारच्या वरची धार कातडीत घुसते, सरळ ऑपरेशन.

नवा_मालक
ऑनलाइन पेडल बॉक्स दिसतोय, लावला की पॉवर वाढते म्हणतात. खरंय का?

नळीवाला
एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. पेडल अर्धं दाबलं की तो ईसीयूला पाऊण सांगतो, म्हणून गाडी तरतरीत वाटते. पूर्ण दाबल्यावर आधीही शंभर होतं, नंतरही शंभरच. भार घेऊन चिखलातून हळू काढताना उलट धक्के बसतात.
त्याआधी फुकटातलं करा: स्कॅनरवर पेडलचे टक्के बघत पूर्ण दाबा. ८५ वर अडकत असेल तर खालची जाड मॅट काढा!

नवा_मालक
मॅटच निघाली तर धाग्याला पार्टी माझ्याकडून 🙏

रेडिएटर_राणे
ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) विषय कुणी काढलाच नाही अजून. वॉल्व्ह उघडा अडकला की खालच्या आरपीएमला जळका धूरच परत इंजिनात जातो, म्हणून गाडी उशिरा उठते. काढून कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश, गॅस्केट नवं. मॅनिफोल्डच्या तोंडात कापड कोंबूनच खरवडा, आणि बसवताना ते कापड काढा 😄 पत्रा लावून ईजीआर बंद करायचा सल्ला देऊ नका कुणाला. ते बेकायदा आहे.
जाता जाता मॅप सेन्सरची (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) काजळीही पुसा, इलेक्ट्रिकल क्लीनरने. तार घालू नका.

टेक्सासचे_तात्या
इकडे कमिन्स, ड्युरामॅक्स डिझेल इंजिनवाले सर्रास डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) काढून ट्यून मारायचे. क्लीन एअर अॅक्टखाली विकणाऱ्यांना मोठे दंड झाले. तिकडे बीएस६ (प्रदूषण नियमांच्या) गाड्यांना काय करतात?

पान्हा१७
@तात्या, करू नये तेच करतात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ भरतो, मागे धूर कोंडतो आणि ओढ जाते. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर २,००० च्या वर आरपीएम ठेवून १५-२० मिनिटं सलग चालवा म्हणजे आतली काजळी जळून सफाई होते, मध्ये बंद करू नका. आणि डिपस्टिक बघा. सफाई सारखी अर्धवट राहिली की सफाईसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला. ऑइल लो-अॅशच (कमी राख सोडणारं) हवं.

स्टेपनीताई
कुकर झाला. अहो, ब्रेक जाम असतो कितीदा! थोडं चालवून चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. एक जास्त तापलं की इंजिन निर्दोष. आणि आरपीएम चढतो पण वेग चढत नाही तर क्लच घसरतोय.

घाटरस्ता
ताई 👏 चिपवाल्यांनी हेही वाचा. स्वस्तातली पेटी रेल प्रेशर कमी असल्याचं खोटं सांगून डिझेल वाढवते. हवा तेवढीच राहते. लांब चढावर एक्झॉस्ट तापतो, आधी टर्बो नाहीतर पिस्टन. झिजलेला क्लच तर पहिल्याच घाटात वास मारतो.

नवा_मालक
टी-बोल्ट क्लॅम्पचं माप कसं घ्यायचं?

नळीवाला
नळी पाइपावर चढवून मग बाहेरचा व्यास मोजा. नुसत्या पाइपाचा घेतलात तर क्लॅम्प लहान पडेल. इंजिन गरम करून, पुन्हा गार झाल्यावर एकदा आवळा.

कांदेबटाटे
मॅटचं काय झालं ते सांगा आधी, पार्टी कुठंय