शब्दचर्चा: मसुद्यातले ‘सांडपाणी’ नेमके कोणते?

कृष्णाकाठ (प्रश्न): ड्रेनेजच्या कामांना निधी मिळावा आणि पाण्याचे नियम झेपतील असे असावेत, म्हणून नगरपालिका-महापालिका एकत्र येऊन शासनाकडे मागणी लावून धरतात. या कामाला इंग्रजीत ‘अ‍ॅडव्होकसी’ म्हणतात. मराठीत काय लिहावे? शिवाय मसुद्यातले हे वाक्य भाषेच्या अंगाने तपासून हवे आहे: ‘शहरातील रोजचे १३.५ दलघमी सांडपाणी शुद्ध करून गटारात सोडण्यासाठी निधी मिळावा.’

वारणाकाठ: आधी अ‍ॅडव्होकसी. ‘वकिली’ म्हटले की टोमणा वाटतो, अमक्याची वकिली करू नकोस, असा. ‘रदबदली’ माणसासाठी करतात, धोरणासाठी नाही. ‘निवेदन’ एकदा दिले की आवक क्रमांक पडून संपते. ‘पाठपुरावा’ जवळचा आहे, पण तो आधीच दिलेल्या प्रस्तावाचा होतो. नियमच बदला म्हणायचे असेल तर ‘बाजू मांडणे’ म्हणा. संस्थांच्या अहवालांत ‘जनवकिली’ दिसते, पण पालिकेच्या कागदावर ती परकी वाटते. शीर्षकात ‘धोरणविषयक पाठपुरावा’ आणि मजकुरात ‘बाजू मांडली’ चालेल.

अजिंक्यतारा: वाक्यातली चूक भाषेची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. ‘दलघमी’ म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर, म्हणजे दशलक्ष लिटरऐवजी तुम्ही हजारपट लिहिले आहे. रोज १३.५ दलघमी म्हणजे नदीच झाली. मूळ हिशेब बहुधा असा असावा: सव्वा लाख लोकसंख्या, माणशी १३५ लिटर, त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन परत येते असे धरतात. १,२५,००० × १०८ = १.३५ कोटी लिटर, म्हणजेच १३.५ दशलक्ष लिटर. यालाच ‘एमएलडी’ (मिलियन लिटर्स पर डे) म्हणतात, आणि त्यात ‘रोज’ आधीच आले. ‘रोज १३.५ एमएलडी’ लिहिले तर तोही घोटाळाच.

दलघमी हा जलसंपदा खात्याचा शब्द, धरणाचा साठा आणि शहराचे वार्षिक पाणी आरक्षण त्यात मोजतात. तुमचे १३.५ एमएलडी वर्षभराचे धरले तर सुमारे ४.९३ दलघमी भरतात. फेरवापराचा मुद्दा घेऊन जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे जायचे असेल तर आकडा असा लिहा, कारण तिथे ठोक पाण्याचे दर घनमीटरवर ठरतात.

वारणाकाठ: आता ‘सांडपाणी’. सांडणे + पाणी, वापरून सांडलेले. सांडवा त्याच मुळातला. शब्द देखणा आहे, पण सरकारी कागदावर तो तीन ठिकाणी तीन अर्थांनी वावरतो. ग्रामीण स्वच्छ भारतमध्ये ‘सांडपाणी’ म्हणजे मोरीचे आणि भांड्यांचे, संडासाचे नव्हे. म्हणून उपाय शोषखड्डा. शहरी प्रकल्पात त्याच शब्दात संडासाचेही पाणी येते. आणि प्रदूषणाच्या प्रकरणांत तो कारखान्याचाही असतो. तुमच्या वाक्यात ‘मैलापाणी’ लिहा. उच्चारायला ओशाळे वाटते खरे, पण छाननी करणाऱ्याला शंका राहत नाही. सेप्टिक टाकीतून गाडीने उपसतात तो ‘मैला गाळ’. त्याचे प्रक्रिया केंद्र वेगळे, त्याचा प्रस्तावही वेगळा.

(कारखान्यावरून आठवले: कृष्णेत मासे मेले की ‘मळीमिश्रित पाणी’ अशी बातमी येते. साखर कारखान्यात उरणारी मळी विकली जाते, ती कोण फेकणार? बोट दाखवायचे असेल तर मळीपासून मद्यार्क काढल्यावर डिस्टिलरीत उरणाऱ्या स्पेंटवॉशकडे दाखवा.)

कृष्णाकाठ: ‘गटारात सोडण्यासाठी’ यात काय अडचण? लोक ओढ्याला गटारच म्हणतात.

अजिंक्यतारा: तीच अडचण. ‘भुयारी गटार’ म्हणजे मैला वाहून नेणारी नळवाहिनी. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा मैल्यात सोडा. ‘पावसाळी गटार’ निराळे. आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातल्या ‘प्रवाह’ या शब्दात नदीबरोबर ओढाही येतो, उन्हाळ्यात कोरडा पडणारासुद्धा. त्यामुळे साताऱ्यातल्या एखाद्या ओढ्याला प्रस्तावात ‘गटार’ म्हणणे म्हणजे आपणच त्याचा दर्जा उतरवणे. सांगलीचा शेरीनाला बघा, नावात नाला आहे. तो ‘वळवणे’ म्हणजे पाणी अडवून उपसा करून धुळगावच्या बाजूला नेणे, नाला बुजवणे नव्हे.

वारणाकाठ: ‘शुद्ध’ तर काढाच. शुद्ध म्हटले की लोकांना पिण्याचे वाटते. ‘प्रक्रिया केलेले’ लिहा आणि पुढे आकडा द्या. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरे आणि अनेक राज्यांच्या राजधान्या सोडून इतर शहरांना बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालत होता. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये १० सांगितला. तीसवर बेतलेले केंद्र दहाच्या नियमावर नापास होते आणि मग सुधारणेचा वेगळा खर्च निघतो. नियमाबद्दल बाजू मांडताना हा फरक रुपयांत दाखवा. प्रस्तावात मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असलेलाच आकडा घ्या.

‘निधी’ही मोघम झाला. केंद्राच्या अमृत २.० योजनेत १ ते १० लाख लोकसंख्येच्या शहराला केंद्राचा वाटा एक तृतीयांश, तोही २०:४०:४० अशा हप्त्यांत. उरलेल्यात राज्य हिस्सा आणि आपला ‘स्वहिस्सा’. म्हणून ‘भांडवली खर्चासाठी अनुदान’ लिहा. पंपाचे वीजबिल, क्लोरीन, गाळाची वाहतूक हा ‘चालवण्याचा व देखभालीचा खर्च’, तो वेगळ्या परिच्छेदात मागा. सांगलीसारख्या सपाट गावात हा परिच्छेद वगळून चालत नाही. उतार नाही, म्हणजे मैलापाणी उचलूनच न्यावे लागते. वाहिनीत सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला नाही तर वाळू बसते आणि चेंबर तुंबतात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागले की नदीकडच्या तोंडांना झडप नसलेल्या वाहिन्या उलट्या वाहू लागतात. खर्चात झडपाही धरा.

कृष्णाकाठ: मग असे? ‘शहरातील १३.५ एमएलडी मैलापाण्यावर बीओडी १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत प्रक्रिया करून ते शेतीस देण्याच्या प्रकल्पाच्या भांडवली खर्चासाठी अनुदान मिळावे.’ आणि ‘मलनिःसारण’ लिहिताना निःसारण की निस्सारण?

अजिंक्यतारा: वाक्य बसले, फक्त बीओडीचा १० हा आकडा तुमच्या संमतीपत्रात आहे ना, ते पाहा. निःसारण, निस्सारण दोन्ही बरोबर. पण एका कागदात एकच ठेवा, नाहीतर संगणकावर एक शोधले की दुसऱ्या स्पेलिंगची पाने सापडत नाहीत.