रामदास बोटीबद्दल रेवस-अलिबागच्या लोकांकडून मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचे वडील १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोटीने रेवसला यायला निघाले, ते घरी पोचलेच नाहीत. गिरणीत कामाला होते, अमावास्येला गावी येत होते. त्या दिवशी सहाशेच्या वर माणसं बुडाली.

आमच्याकडे दिव्यांच्या अमावास्येला सगळे दिवे घासून पाटावर मांडतात. आजी मात्र एक छोटी पितळी निरांजन वेगळी काढून खाडीकडच्या खिडकीत ठेवायची, तोंड समुद्राकडे. वात विझेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. आजी गेली, आता ती निरांजन माझ्याकडे आहे.

ती एक गोष्ट नेहमी सांगायची. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि माणसं वर ओढली. हे ऐकताना मला आजही भरून येतं.

त्या होड्या कोणत्या पाड्यातल्या होत्या, कोणाच्या घरी ही आठवण सांगितली जाते का? बोटीवरच्या प्रवाशांची यादी किंवा त्या आठवड्यातली वर्तमानपत्राची कात्रणं कुठे पाहायला मिळतील? कोळणींच्या गाण्यांत, ओव्यांत रामदासचा उल्लेख असेल तर दोन ओळी तरी कळवा. १९२७ साली 'जयंती' आणि 'तुकाराम' बुडाल्या, त्यांच्याबद्दल घरात काही ऐकलं असेल तर तेही चालेल.

घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर कृपया आजच विचारा. मी रेवसला यायला तयार आहे.